वापसा ओळखायला शिका: कृषी पदवीची वर्षं वावरात कशी घालवावीत

तिसऱ्या वर्षाच्या खरिपात आमच्या पाच जणांच्या गटाला चार गुंठ्यांचा प्लॉट मिळाला. पीक सोयाबीन. जूनच्या शेवटी दोन दिवस दमदार पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि आम्ही बी घेऊन धावलो. बाजूच्या गटाच्या आधी आमची पेरणी व्हावी, एवढंच डोक्यात होतं. रोजानं कामाला येणाऱ्या एक काकू धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या होत्या. म्हणाल्या, "माय, पाय फसून राह्यला अजून. उद्या-परवा पेरा." आम्ही ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी एक जोराची सर आली, पुढचे दोन दिवस ऊन तापलं, मातीवर खपली धरली. ओळीच्या एका मीटरमध्ये वीस रोपं असायला हवी होती, तिथं आठ-नऊ वर आली. दोन दिवस थांबलेल्या गटाचा प्लॉट मात्र ओळीओळीनं हिरवा दिसत होता.

पेरायचं कसं हे आम्हाला पाठ होतं. ४५ बाय ५ सेंटिमीटर अंतर, तीन ते पाच सेंटिमीटर खोली, सगळं वहीत लिहिलेलं. कधी पेरायचं ते आलं नव्हतं. पावसानंतर माती कामाजोगी होते तो वापसा आम्हाला ओळखता येत नव्हता. शेतीतलं कोणतंही काम कसं करायचं हे चार दिवसांत हाताला येतं. कधी करायचं हे यायला दोन-तीन हंगाम डोळे उघडे ठेवून वावरात उभं राहावं लागतं, आणि पदवीच्या काळात ते हंगाम आपल्याला दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या खर्चानं मिळतात.

मी नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यातली. घरी सात एकर आहे. अडीच एकर संत्रा, बाकी पऱ्हाटी (म्हणजे कापूस), तूर, सोयाबीन. नागपुरात शिकले, पदवीला सहा वर्षं झाली, आता बाबांसोबत वावर मीच पाहते. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत ओळखीतल्या पोरापोरींचे फोन येतात. त्यांना तासभर बोलून जे सांगते ते इथं लिहून ठेवते.

नागपूर निवडलं असेल तर

शेती शिकायला ही जागा फार चांगली आहे. इथलं कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचं, आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली येतं आणि भर शहरात महाराजबागेला लागून आहे. वर्धा रोडनं गेलं की केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि त्याच रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो. कापूस, संत्रा आणि काळी माती, या तिन्हींवर देशपातळीवर काम करणारी माणसं सिटी बसच्या अंतरावर आहेत. तुम्ही कोणत्याही कॉलेजात असा, सरकारी किंवा खासगी, या संस्थांचे शेतकरी मेळावे आणि प्रक्षेत्र भेटी सोडू नका. हजेरी लागत नाही म्हणून बरेच जण जात नाहीत. मी गेले, आणि पऱ्हाटीबद्दल मला जे येतं त्यातलं निम्मं तिथल्या बांधावर ऐकलेलं आहे.

बारावीनंतरची पदवी जमत नसेल तर दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयाची पदविका आहे, मराठीतून. हातानं काम करायची हौस असलेल्या पोरांनी तिला कमी समजू नये.

सोबत काय घ्यायचं

हजारो रुपये खर्चू नका. घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण बाह्यांचे दोन जुने सुती शर्ट, टोपी किंवा मोठा दुपट्टा. स्वतःच्या हाताला बसणारं एक खुरपं आणि एक विळा, गावच्या लोहाराकडून धार लावून आणलेला. पंधरा-वीस मीटरचा टेप. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, कारण तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशीची पिल्लं नुसत्या डोळ्यांनी नीट ओळखू येत नाहीत. आणि खिशात मावेल अशी वही. मोबाईलवर फोटो काढाच, पण चिखलाच्या हातानं पेन्सिल चालते, मोबाईल चालत नाही.

ती वही कशी लिहायची हे महत्त्वाचं आहे. प्रात्यक्षिकाची जी जाड वही जमा करायची असते ती वेगळी, ती सगळ्यांची सारखीच असते. खिशातल्या वहीत मी रोज तीनच गोष्टी लिहायचे. आज पाऊस किती आणि किती वाजता, आज वावरात कोणतं काम चाललं, आणि ते काम आजच का, कालच का नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला बहुतेक वेळा माहीत नसायचं, मग कोणाला तरी विचारायचे. प्रक्षेत्र सहायकांना, सालदाराला, निंदणाऱ्या बायांना. वर्षभरात अशी शेकडो उत्तरं जमली.

वापसा

काळ्या मातीचा स्वभाव आधी समजून घ्या. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात बूट ओढून काढावा लागतो. या दोन टोकांच्या मधे दोन-चार दिवस अशी वेळ येते की माती ना चिकट ना कडक. तोच वापसा. वखर, पेरणी, डवरणी, सगळं त्या दिवसांत बसवायचं असतं.

ओळखायचा कसा? वरची माती बाजूला करून दहा-पंधरा सेंटिमीटर खालची मूठभर माती घ्या. दाबून गोळा करा. कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर थांबा. गोळाच वळत नसेल तर ओल उडून गेली. हे प्लॉटच्या एका जागी करून भागत नाही. सखल कोपरा दोन दिवस उशिरा वापशावर येतो आणि चढाचा भाग आधी वाळतो. आमचा प्लॉट चार गुंठेच होता, तरी त्याच्या दोन टोकांत दिवसभराचा फरक पडायचा.

हे पहिल्या वर्षीपासून करा, पेरणीचा विषय यायची वाट पाहू नका. प्रत्येक मोठ्या पावसानंतर रोज सकाळी एकाच ठिकाणची माती हातात घेऊन वहीत लिहा, कितव्या दिवशी गोळा फुटला ते. दुसऱ्या वर्षी तुम्हाला धुऱ्यावरून नुसता रंग पाहून सांगता येईल. ओल्या मातीत ट्रॅक्टर घातला तर चाकाखालची माती दबून विटेसारखी होते आणि मुळं तिथं अडतात. आमच्याकडे एका वर्षी घाईत केलेल्या मशागतीच्या चाकोऱ्या पुढच्या पऱ्हाटीत ओळीनं खुज्या झाडांच्या रूपानं दिसत होत्या. बाबांनी मला ती ओळ दाखवली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते.

पेरणीला पाऊस किती हवा, याचं विद्यापीठाचं सांगणं स्पष्ट आहे. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. मृग लागला म्हणून पेरायचं नाही, पर्जन्यमापकात किती पडलं ते पाहून पेरायचं. कॉलेजच्या वेधशाळेत रोज सकाळी जाऊन आकडा लिहून घ्यायची सवय लावा. तिथले कर्मचारी आनंदानं सगळी यंत्रं समजावून सांगतात.

बी आणि त्याचं गणित

घरचं सोयाबीन बियाणं वापरायचं असेल तर उगवण तपासणं ही विद्यार्थ्यानं दहा वेळा करावी अशी गोष्ट. ओलं गोणपाट घ्या, बोटभर अंतरावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा. निरोगी मोड आलेले दाणे मोजा. शंभरात सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीचं प्रमाण चालेल. त्याखाली आले तर बी वाढवावं लागेल, फारच कमी असतील तर ते बी पेरायचं नाही. सोयाबीनचं साल पातळ असतं. पोतं आपटलं, थप्पी फार उंच गेली, हातानं जोरात चोळलं, की उगवण गेली. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, मग लागलं तर कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

पेरणी यंत्र वावरात नेण्याआधी त्याचं मोजमाप करणं हा प्रात्यक्षिकातला सगळ्यात कामाचा तास. बरेच जण फक्त पाहतात. तुम्ही हात घाला. यंत्राचं चाक जमिनीवरून उचलून घ्या. चाकाभोवती दोरी गुंडाळून परीघ मोजा, समजा १.२५ मीटर आला. पाच दाते आणि दोन दात्यांत ४५ सेंटिमीटर, म्हणजे यंत्राची रुंदी २.२५ मीटर. चाकाचा एक फेरा म्हणजे २.८ चौरस मीटर जमीन. प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा, चाक हातानं ५० वेळा फिरवा. ही जवळजवळ १४० चौरस मीटर जमीन झाली. एकरी ३० किलो बी टाकायचं असेल तर पिशव्यांत सगळं मिळून सुमारे १ किलो ५० ग्रॅम बी पडलं पाहिजे. जास्त पडलं तर खटका मागे घ्या, कमी पडलं तर पुढे, आणि पुन्हा फिरवा. शिवाय पाचही पिशव्या वेगवेगळ्या तोला. एखाद्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा जुन्या खताचा खडा अडकलेला असतो, तो इथंच सापडतो. आमच्या गावात आता पेरणीआधी लोक मला बोलावतात ते याच हिशोबासाठी.

हिशोबाचं आणखी एक. वर्गात सगळं हेक्टरी शिकवतात. गावात कोणी हेक्टर बोलत नाही. एकर, गुंठा, बॅग, पंप. हे बदल तोंडपाठ करून घ्या. शिफारस हेक्टरी ३० किलो नत्राची असेल आणि ते युरियातून द्यायचं असेल तर युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे हेक्टरी ६५ किलो युरिया, एकरी २६ किलो, चार गुंठ्यांना २ किलो ६०० ग्रॅम. ४५ किलोच्या बॅगेत नत्र वीस किलोच्या थोडं वर. कास्तकारासमोर कागद न काढता हे सांगता आलं की तो तुमचं पुढचं बोलणं ऐकतो.

ट्रॅक्टर

पोरींना एक विनंती. ट्रॅक्टरच्या तासाला मागे उभ्या राहू नका. आमच्या बॅचला पहिल्या दिवशी मुलगेच पुढे गेले, आम्ही वह्या धरून पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी सरांना जाऊन सांगितलं की मला चालवायचाय, आणि त्यांनी अर्धा तास दिला.

चालवण्याआधी रोजची तपासणी हातानं करायला शिका. इंजिन ऑईलची कांडी पुसून पुन्हा घालून पाहणं, रेडिएटरचं पाणी इंजिन थंड असताना, एअर क्लीनर, पंख्याचा पट्टा, चाकांची हवा. अवजार जोडताना आधी डावी खालची भुजा, मग उजवी, शेवटी वरची. उजवीची लांबी स्क्रूनं कमीजास्त होते म्हणून ती नंतर. हे कारण मला दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, मी नुसता क्रम पाठ केला होता. पी.टी.ओ. शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरमागचा अवजाराला शक्ती देणारा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याच्यात ओढणीचं टोक गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या घेऊन त्याच्या जवळ जायचं नाही, शाफ्टवर आवरण नसेल तर यंत्र सुरूच करू द्यायचं नाही, आणि मडगार्डवर कोणालाही बसवायचं नाही. यात संकोच करू नका, ओरडून सांगा.

एक सोपा हिशोब इथंही आहे. अवजाराची रुंदी मीटरमध्ये गुणिले वेग किलोमीटरमध्ये, भागिले दहा, म्हणजे तासाला किती हेक्टर. दीड मीटरचा वखर ताशी चार किलोमीटरनं गेला तर ०.६ हेक्टर, दीड एकर. प्रत्यक्षात वळणं आणि थांबणं धरून एक-सव्वा एकर होतं. तासावर ट्रॅक्टर भाड्यानं घेताना हा आकडा डोक्यात असू द्या.

फवारणी

इथं मी सावकाश लिहिते, कारण २०१७ साली आमच्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मी तेव्हा शिकत होते. त्या हंगामात आमच्या गावातही बाया सांगायच्या की डोळे चुरचुरतात, मळमळतं. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंडलेली, दोन-तीन औषधं एकत्र केलेली.

म्हणून पहिली सवय, बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचायचं. चौकोनातल्या त्रिकोणाचा रंग पाहायचा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे. कोणी सांगितलं म्हणून औषधं एकमेकांत मिसळायची नाहीत. वाऱ्याला पाठ द्यायची, भर दुपारी फवारायचं नाही, नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, हातमोजे आणि मास्क काढल्यावर आधी साबणानं हात, मग पाणी प्यायचं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

दुसरं, पाणी मोजायला शिका. दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा. पंपात मोजून साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीनं चौकोन फवारा, उरलेलं मोजा. समजा पाच लिटर लागलं. मग हेक्टरी ५०० लिटर, एकरी २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. औषधाची एकरी मात्रा या साडेबारांत वाटायची. "पंपाला किती टाकू?" हा प्रश्न गावात रोज विचारला जातो. पंप बदलला, नोझल बदललं, चाल बदलली की उत्तर बदलतं. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्याच्या टाकीत औषध जास्त पडतं. तणनाशकाला सपाट पंख्यासारखं फवारणारं नोझल, कीटकनाशकाला पोकळ शंकूचं. हे प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतः पाठीवर पंप घेऊन करावं. आधी फक्त पाण्यानं.

तिसरं, फवारायची गरज आहे का हे पाहणं, म्हणजे पुन्हा कधीचाच प्रश्न. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतात, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर पाऊल उचलायचं. सोबत डोमकळ्या शोधायच्या, पाकळ्या आवळून बसलेल्या फुलात अळी असते. आणि वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडून चिरायची. दोनमध्ये अळी किंवा तिनं केलेलं नुकसान सापडलं तर दहा टक्के झाले, फवारणीची वेळ आली. बोंड चिरायला मला आधी जीवावर यायचं, एवढं चांगलं बोंड वाया. पण बाहेरून ते अगदी धडधाकट दिसतं, आतली सरकी खाल्लेली असते.

निंबोळी अर्क मात्र आधीपासून करा, ५ टक्क्यांचा. पाच किलो सुकलेली निंबोळी कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडक्यातून गाळायची, एका लिटरमध्ये विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालायचा, आणि एकूण शंभर लिटर करून त्याच दिवशी फवारायचं.

बायांकडून शिका

प्रक्षेत्रावर निंदायला आणि कापूस वेचायला येणाऱ्या बायांकडे विद्यार्थी फार कमी जातात. मी पहिल्या प्लॉटनंतर जायला लागले. त्यांच्या ओळीत बसून निंदण केलं. पहिल्या दिवशी त्या तीन तास पुढे गेल्या, मी अर्ध्या तासात. (इथं तास म्हणजे पिकाची ओळ, घड्याळाचा नव्हे.) त्यांनी मला खुरपं आडवं धरायला शिकवलं, म्हणजे तण मुळासकट निघतं आणि मनगट दुखत नाही. सोयाबीनचं रोपटं आणि दोन पानांवरचं तण त्या न पाहता बोटांनी वेगळं करतात. केना कुठं उगवतो, लव्हाळ्याची गाठ राहिली तर काय होतं, कोणतं तण फुलावर यायच्या आधी काढलंच पाहिजे, हे मला त्यांनी सांगितलं. तणविज्ञानाच्या पेपरात मी जे लिहिलं त्याला त्यांच्या बोटांचा आधार होता.

कापसाचंही तसंच. पहिला वेचा आमच्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून सुरू होतो. दव उडाल्यावरच वेचायला लागायचं, कारण ओला कापूस गंजीत पिवळा पडतो. खालच्या फुटलेल्या बोंडांपासून वर जायचं, म्हणजे वरचा पाचोळा खालच्या कापसात पडत नाही. कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेगळ्या ओटीत. प्लास्टिकच्या पोत्यात भरायचं नाही, त्याचे धागे रुईत जातात आणि सूत बिघडतं. हमीभावाला कापसातला ओलावा ८ ते १२ टक्क्यांत पाहतात, हे पुस्तकात असतं. मूठभर कापूस दाबून "ओला हाय" सांगणाऱ्या काकू आणि ओलावामापक यंत्र यांची मी एकदा गंमत म्हणून तुलना केली होती. काकू चुकल्या नाहीत.

त्यांच्याशी बोलताना आधी काम करा, मग विचारा. डबा सोबत खा. आणि त्यांचं शिकवणं वहीत लिहिताना ते त्यांच्याकडून आलं असं लिहा.

संत्र्याची कलमं आणि बोर्डो

डोळा भरणं, म्हणजे चांगल्या झाडाची फुटव्याची कळी दुसऱ्या रोपावर बसवून कलम करणं, शिकायला एक हिवाळा पूर्ण द्या. जंभेरीच्या रोपाची खोडं पेन्सिलएवढी झाली की जमिनीपासून २५-३० सेंटिमीटरवर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्यायचा, साल हलकेच उचलून निरोगी झाडाच्या डोळ्याची ढाल आत सरकवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायची. दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर जमलं. माझ्या पहिल्या वीसपैकी चार जमले. मी चाकू फार दाबत होते, साल कापून आतलं लाकूडही कापत होते. धार चांगली ठेवली आणि हात सैल सोडला तेव्हा अठरा-अठरा जमायला लागले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजना घाटला रोपवाटिका पाहायला गेलात तर डोळा भरणाऱ्यांच्या बोटांकडे पाहत दोन तास बसा, प्रश्न नंतर.

बोर्डो मलम बनवताना एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या आणि चुना वेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाचं भांडं नको. मग दोन्ही एकत्र. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, चुना वाढवा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत लावा, डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, रोखायला. लागवडीत कलमाचा जोड मातीखाली जाऊ देऊ नका, डिंक्याची सुरुवात बऱ्याचदा तिथंच होते.

मातीचा नमुना घेणं सोपं आहे, पण लोक चुकतात. धुऱ्याजवळ, झाडाखाली, खताच्या ढिगाजवळ घ्यायचा नाही. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी व्ही आकाराचा वीसेक सेंटिमीटरचा खड्डा, बाजूची माती खरवडून घ्यायची, सगळी मिसळून चार भाग करत समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणायची. खताच्या रिकाम्या बॅगेत भरायची नाही. संत्र्यासाठी खालचे थरही हवेत, तीन फुटांपर्यंत, कारण चुनखडी खाली लपलेली असते.

गावात राहण्याचं सत्र

सातव्या सत्रात गावात राहून काम करायचं असतं. वर्तमानपत्रं तुम्हाला कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतील. चावडीसमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढाल, त्याचा फोटो छापून येईल. तो दिवस छान असतो. पण फोटो झाले की बरेच गट नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकाला जाणारी एसटी पकडतात. तुम्ही राहा. ज्या कास्तकाराच्या घरी जोडून दिलंय त्याच्यासोबत पहाटे वावरात जा, संध्याकाळी वहीत त्याचा खर्च लिहा. मजुरी, बी, औषध, ट्रॅक्टर, आणि माल नागपूरच्या कळमना बाजारात किती भावानं गेला. सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला म्हणून क्विंटलमागे किती कापले ते तिथं लिलावात उभं राहून पाहा. मी ज्या घरी होते तिथल्या काकांनी पहिले दहा दिवस मला काहीच विचारलं नाही. अकराव्या दिवशी त्यांनी मळणीआधी मूठभर सोयाबीन माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "सांग बरं पोरी, आज काढू का दोन दिवसांनी?" मी दाणा दातानं चावून पाहिला, शेंगा हलवून आवाज ऐकला आणि म्हटलं, दोन दिवसांनी. ते म्हणाले, "मलेही तसंच वाटते."

परीक्षेचं फार सांगत नाही. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक आकडे कमी आणि कारणं जास्त विचारतात. खिशातली वही आदल्या रात्री एकदा वाचून जा.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा जूनमध्ये पहिल्या पावसाआधी झाडाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवायला ठेवा. ऑगस्टमध्ये पाच किलो लागतील.